अपघाताच्या दिवसापासूनचे देणे

वडगाव निंबाळकर हे नीरा–बारामती रस्त्यावरचे गाव. इथून पश्चिमेकडे निघाले की करंजेपुलाच्या पुढे सोमेश्वरनगर आणि तिथला सोमेश्वर सहकारी साखर कारखाना येतो. पूर्वेकडे निघाले की कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव अशी गावे घेत रस्ता बारामतीत शिरतो आणि पुढे बारामतीची एमआयडीसी लागते. गावातली नोकरदार माणसे बरीचशी या दोन दिशांना वाटली गेली आहेत. बाकीची शेतात, गोठ्यात, बांधकामावर, नाहीतर ट्रॅक्टरवर. कामावर इजा झाली तर काय मिळते, या प्रश्नाला इथे एकच उत्तर नाही. माणूस त्या दिवशी कोणत्या दिशेला आणि कोणाच्या कामावर गेला होता, यावर ते ठरते.

समजा, एकाच गल्लीतले दोघे जण आहेत. दोघेही तीस वर्षांचे, दोघांचा पगार महिना १८,००० रुपये. एक साखर कारखान्यात कामाला, दुसरा एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. दोघांचाही एक हात यंत्रात सापडून मनगटापासून गेला. इजा तीच, वय तेच, पगारही तोच. तरीही दोघांचा पुढचा हिशेब वेगवेगळ्या कायद्यांनी होतो.

एमआयडीसीतला कारखाना ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कक्षेत असेल, तर तिथल्या कामगाराच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. २०१९च्या जुलैपासून हे दर आहेत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा माणूस या योजनेत येतो. हात गेल्यावर उपचार योजनेच्या दवाखान्यात किंवा तिने जोडून घेतलेल्या रुग्णालयात होतात, बिल त्याच्या अंगावर येत नाही. तो कामावर जाऊ शकत नाही तितके दिवस त्याला रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. ६०० रुपये रोज धरला तर दिवसाला ५४० रुपये. जखम भरल्यावर वैद्यकीय मंडळ त्याची कमाईची शक्ती किती गेली ते ठरवते. मनगटापासून हात गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात ६० टक्के लिहिलेले आहेत. ५४० रुपयांचे ६० टक्के म्हणजे ३२४. हे रोजचे ३२४ रुपये त्याला मरेपर्यंत मिळत राहतात, आणि महागाई पाहून ईएसआय महामंडळ ही रक्कम वेळोवेळी वाढवतेही. तो पुन्हा दुसरीकडे कामाला लागला तरी हे बंद होत नाही.

लोकांच्या ध्यानात नसलेली एक गोष्ट इथेच सांगतो. आजारपणाच्या लाभासाठी ईएसआयमध्ये ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, पण कामावरच्या अपघातासाठी अशी अट नाही. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी हक्क लागू होतो. मालकाने नाव नोंदवले नव्हते, वर्गणी बुडवली होती, तरीही कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ त्याला लाभ देते आणि पैसे मालकाकडून वसूल करते.

आता पश्चिमेला गेलेला गडी. साखर कारखाना कितीही मोठा असो, हजार माणसे कामाला असोत, निव्वळ साखर किंवा गूळ बनवणारा कारखाना कायद्याने हंगामी कारखाना ठरतो, आणि हंगामी कारखाने ईएसआयच्या बाहेर ठेवलेले आहेत. ईएसआयच्या १९४८च्या कायद्यात कापसाचे जिनिंग, भुईमूग फोडणे, कॉफी, चहा, नीळ, लाख, रबर यांच्या पंक्तीत साखर आणि गूळ होते. बॉयलर, उसाची गव्हाण, मिलचे रोलर, चुन्याची निवळी अशी सगळी जोखमीची कामे जिथे चालतात, तो कारखाना वर्षातले काही महिनेच चालतो एवढ्यावरून कामगाराला त्या विम्याबाहेर ठेवणे मला कधीच पटलेले नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यात सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती असे तीन जुने सहकारी कारखाने आहेत. एवढ्या कारखान्यांच्या परिसरात हा प्रश्न किरकोळ नाही.

त्याच्यासाठी होता तो १९२३चा कायदा. तो आता केंद्राच्या नव्या संहितेत विलीन झाला आहे, पण त्याचे गणित तेच आहे. १ जुलै १९२४ रोजी तो अमलात आला. सुरुवातीला त्याचे नाव कामगार नुकसानभरपाई कायदा होते, २०१०पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या गिरण्यांत हात-पाय गमावलेल्या माणसाला मालक दयेपोटी काही दिले तर दिले, अशी गत होती. मालकाची चूक सिद्ध करायची तर गिरणीकामगाराने वकील कुठून आणायचा? या कायद्याने तो मुद्दाच काढून टाकला. चूक मालकाची होती का, हे विचारायचे नाही. अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का, एवढेच पाहायचे. त्या काळी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांत कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी अग्रभागी होते. पुढे १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातूनच पुढे ईएसआय उभी राहिली. या दोन्ही व्यवस्थांच्या मुळाशी आपल्याच मातीतली माणसे आहेत.

१९२३च्या कायद्याचा हिशेब असा. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ६० टक्के रकमेला गुणायचे. हा आकडा परिशिष्टात छापलेला आहे: विसाव्या वर्षी २२४, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. वय वाढेल तसा तो उतरतो. खरी मेख मात्र वेतनात आहे. पगार कितीही असो, हिशेबाला महिना १५,००० रुपयांपेक्षा जास्त धरत नाहीत. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० रोजी ठरली. त्याआधी दहा वर्षे ती ८,००० होती.

म्हणून आपल्या साखर कारखान्यातल्या गड्याचे १८,००० बाजूला राहतात आणि १५,००० धरले जातात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. मनगटापासून हात गेल्याबद्दल तिचे ६० टक्के, म्हणजे ११,२३,०९२ रुपये, एकदाच. ऐकायला ही रक्कम मोठी वाटते. पण एमआयडीसीतल्या त्याच्या सोबत्याला वर्षाला १,१८,२६० रुपये मिळतात, म्हणजे साडेनऊ वर्षांत तो या रकमेपर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आत असते आणि पुढे हयातभर ते चालूच राहते. जखम भरेपर्यंतच्या काळातला फरक तर जास्तच बोचतो. ईएसआयमध्ये वेतनाच्या ९० टक्के, तर इथे दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे अर्धा पगार, आणि तोही १५,००० धरून. घरात दूध, किराणा, मुलांची फी हे सगळे त्या ७,५०० रुपयांत. अपंगत्व २८ दिवसांच्या आत संपले तर पहिले तीन दिवस त्यातूनही वजा होतात.

एकरकमी पैशाचा दुसरा धोका गावात सगळ्यांना माहीत आहे. अकरा लाख घरात आले की सोसायटीचे कर्ज, बहिणीचे लग्न, पाहुण्याची उसनवारी, घराचा स्लॅब, सगळे एकदम उभे राहते. दोन वर्षांनी माणूस एका हाताने उरतो आणि हाती रोकड नसते. हे कायदा करणाऱ्यांना कळत होते. म्हणून मृत्यूच्या प्रकरणात पैसे थेट वारसांच्या हातात द्यायची मुभाच नाही; ते नुकसानभरपाई आयुक्तांकडे जमा करावे लागतात, आणि विधवा किंवा लहान मुलांच्या वाट्याची रक्कम गुंतवून ठेवायचा अधिकार आयुक्तांना आहे. मालकाने परस्पर घरी जाऊन दोन लाख दिले आणि कागदावर सही घेतली, तर कायद्याच्या लेखी ती भरपाई दिलीच गेलेली नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम तेवढी वजा होऊ शकते.

परिशिष्टातले टक्के वाचताना माणूस सुन्न होतो. अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४०. पण हे टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. ओरिसातल्या एका सुताराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. सिनेमागृहाच्या बांधकामावर तो पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचे म्हणणे, परिशिष्टाप्रमाणे अर्धवट अपंगत्व धरा. १९७५ साली प्रतापनारायण सिंग देव या खटल्यात न्यायालयाने सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसासाठी हे पूर्ण अपंगत्व आहे, १०० टक्के. आपला कारखान्यातला गडी फिटर असेल, वेल्डर असेल, तर हाच मुद्दा त्याने मांडायला हवा. ६० टक्क्यांवर गप्प बसणे आणि १०० टक्के मागणे यांत साडेसात लाखांचा फरक पडतो.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट ठरली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. भरपाई केव्हा देय होते? आयुक्ताने निकाल दिल्यावर नव्हे, अपघात झाला त्याच दिवशी. निकाल फक्त रक्कम नक्की करतो. देणे तर आधीच उभे राहिलेले असते. म्हणून महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. रकमेबद्दल वाद असेल तरी मालकाला जेवढी कबूल आहे तेवढी ताबडतोब द्यावी लागते. विमा कंपनी व्याज भरेल, पण दंड मालकाच्या खिशातून जातो. कारखान्याच्या ऑफिसात टोपी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हे कळायला हवे की तो काही मागायला आलेला नाही, त्याचे येणे आहे ते घ्यायला आला आहे.

आतापर्यंत कारखान्याच्या आतल्या माणसांबद्दल बोललो. सोमेश्वर आणि माळेगावचा ऊस जी माणसे तोडतात ती कारखान्याच्या हजेरीपत्रकावर नसतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने गावी उचल दिलेली असते, वाहतूकदाराचा ट्रॅक्टर असतो, कारखान्याची चिठ्ठी असते. पहाटेच्या अंधारात ट्रॉली भरताना मोळी घेऊन फळीवरून चढणारा माणूस घसरतो, फडात साप चावतो, कोयता पायावर बसतो, रात्री बैलगाडीला मागून ट्रक धडकतो. मग प्रश्न येतो, मालक कोण? मुकादम म्हणतो, मी तुमच्यासारखाच. वाहतूकदार म्हणतो, माणसे मुकादमाची. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी.

कायद्यात याचे उत्तर आहे. एखाद्याने आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम ठेकेदाराकडून करून घेतले, तर ठेकेदाराच्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई त्या मूळ मालकाकडे मागता येते. ती त्याने द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. उसाशिवाय साखर होत नाही, आणि तोडल्याशिवाय ऊस गव्हाणीत पडत नाही. तोडणी हा साखर धंद्याचा भाग नव्हे, असे म्हणणे मला तरी ओढूनताणून वाटते. कारखाने हे कबूल करत नाहीत आणि वाद न्यायालयात जातो, हे खरे. म्हणूनच अर्ज करताना मुकादम, वाहतूकदार, कारखाना आणि ट्रॅक्टरची विमा कंपनी या चौघांनाही सामनेवाले करावे. एकालाच धरले आणि तो नामानिराळा झाला की सगळे मुसळ केरात.

ट्रॅक्टरच्या विम्यात मोठी मेख असते. पॉलिसी बहुतेक शेतीच्या वापरासाठी काढलेली असते, आणि भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढताना अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. वाहनामुळे अपघात झाला असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचे की नुकसानभरपाई आयुक्तांकडे, हे कामगाराने निवडायचे असते, दोन्हीकडे जाता येत नाही. समोरच्या वाहनाची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात रक्कम मोठी मिळू शकते. चूक कोणाची हे दाखवणे अवघड असेल तर आयुक्तांचा रस्ता बरा. हा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्यावा.

ऊसतोड कामगाराच्या बाबतीत दोन कलमे सोन्यासारखी आहेत आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असतात. पहिले, उचल. अपघात झाला की मुकादम हिशेब मांडतो: साठ हजार उचल होती, वीस हजारांचे काम झाले, चाळीस फिटायचे आहेत, ते भरपाईतून कापू. असे करता येत नाही. या कायद्याखाली मिळणाऱ्या रकमेवर जप्ती येत नाही, ती कोणाच्या नावे करून देता येत नाही आणि तिच्यातून कुठलेही येणे वजा करता येत नाही. उचल हा स्वतंत्र व्यवहार. मोडलेल्या पायाच्या पैशाला तिने शिवायचे नाही. दुसरे, दावा कुठे करायचा. अपघात बारामती तालुक्यात झाला म्हणून केजच्या किंवा पाटोद्याच्या बाईने तारखेला दर वेळी इकडे यायला नको. कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो.

बाईचा विषय निघालाच आहे. कोयता जोडीचा, पण पैसे नवऱ्याच्या नावाने. ट्रॉलीवरून पडून बाईच जायबंदी झाली तर तिचे वेतन किती धरायचे, असा प्रश्न समोरचा वकील हमखास काढतो. वेतनाचा पुरावा नसेल तर तशाच कामाला त्या भागात मिळणाऱ्या मजुरीवरून ते ठरवता येते, आणि किमान वेतनाचे सरकारी दर तर आहेतच. तिच्या कामाचा पुरावा तिच्या तळहातावर असतो. कागदावर तो आणायचे काम संघटनांनी आणि वकिलांनी करायला हवे.

शेतमालकांनाही इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, ऐकायला जड गेली तरी. शेतीचे काम आणि जनावरे सांभाळण्याचे काम या कायद्याच्या यादीत आहे. चार दिवसांसाठी बोलावलेला मजूरही २०००च्या दुरुस्तीनंतर त्यातून वगळला जात नाही. म्हणजे गोठ्यावर ठेवलेल्या गड्याचा हात कडबाकुट्टीत गेला, मळणी यंत्रात बोटे गेली, विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसला, तर शेतकरी हाच मालक आणि देणे त्याचे. वीस-तीस जर्सी गाई सांभाळणारा दूध उत्पादक या भागात नवा नाही. जनावराचा विमा तो आठवणीने काढतो. गड्यासाठी नुकसानभरपाईची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, ती काढायला हवी. नाहीतर एका अपघातात गड्याचे घर बसते आणि शेतकऱ्याचेही.

शेतकरी स्वतः अपघातात सापडला तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे: मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर एक लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. बांधकाम मजुराची नोंद राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख मिळतात. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वेगळीच. ही सगळी मदत नुकसानभरपाईच्या वरची आहे. ती मिळाली म्हणून मालकाचे देणे संपत नाही. मात्र ईएसआयचा लाभ आणि नुकसानभरपाई कायद्याची रक्कम या दोन्ही एकाच इजेसाठी घेता येत नाहीत.

इजा म्हणजे दरवेळी रक्त सांडणे नव्हे. उसाच्या चिपाडाचा भुसा साठवून ठेवला की त्यावर बुरशीसारखे जंतू वाढतात, आणि ती धूळ छातीत जाऊन फुप्फुसाचा आजार होतो. बगॅसोसिस या नावाने तो व्यावसायिक आजारांच्या परिशिष्टात नोंदलेला आहे. बगॅसच्या ढिगावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला दम लागतो तेव्हा तो विडीला दोष देतो आणि डॉक्टरही तेच लिहितात. कामाचे स्वरूप डॉक्टरांना सांगितले नाही तर हा हक्क कागदावर येण्याआधीच विरून जातो.

कामावर जाता-येता अपघात झाला तर? इथे २०२५ साली मोठा बदल झाला, आणि तो घडवणारे प्रकरण महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याचेच आहे. २२ एप्रिल २००३च्या पहाटे एक रखवालदार तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात तो गेला. उस्मानाबादच्या न्यायाधीशांनी आयुक्त म्हणून त्याच्या कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले: अपघात कारखान्यात झाला नाही, म्हणून. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घर ते काम हा प्रवास आणि नोकरी यांचा वेळ, ठिकाण आणि परिस्थितीने संबंध जुळत असेल, तर तो अपघातही कामावरचाच. ईएसआयच्या कायद्यात अशी तरतूद २०१०पासून होती. न्यायालयाने तीच दृष्टी १९२३च्या कायद्यालाही लावली. बावीस वर्षे लागली. नीरा–बारामती रस्त्यावर रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत पाळीला जाणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असावा.

२१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे आणि हे दोन्ही जुने कायदे तिच्यात विलीन झाले. कलमांचे क्रमांक बदलले, आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी हे नाव आले, कामावर जाता-येतानाचा अपघात आता थेट संहितेतच आहे. ५० आणि ६० टक्क्यांचे गणित तेच राहिले. हंगामी कारखान्याला ईएसआयबाहेर ठेवणेही तसेच राहिले, आणि ही संधी वाया गेली याची मला खंत आहे. साखरेतल्या कामगार संघटनांनी पुढच्या वेतन कराराबरोबर हा मुद्दा धरून ठेवावा.

आता मालकाकडून येणारी उत्तरे. तो प्यायलेला होता, त्याने गार्ड काढला होता, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडला. साध्या इजेत ही कारणे चालू शकतात, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर चालत नाहीत. नुसता हलगर्जीपणा तर कुठल्याच इजेत आड येत नाही. आणि बाँड पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही’ असे लिहून घेतलेले असले तरी हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक आहे. तडजोडीची रक्कम खरी व योग्य असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते.

तरीही बहुतेक प्रकरणे गावातच मिटतात. मुकादम, चेअरमनचा माणूस, एखादा पुढारी घरी येतो, दवाखान्याचे बिल भरतो, पन्नास हजार ठेवतो आणि पोलिसांत जाऊ नका म्हणतो. घरच्यांना त्या घडीला पैशाची निकड असते, पुढच्या हंगामाच्या कामाची भीती असते. त्यांना मी दोष देत नाही. पण पहिल्या आठवड्यात केलेल्या किंवा न केलेल्या गोष्टींवर पुढचा सगळा दावा उभा राहतो, म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो.

दवाखान्यात दाखल करताना अपघात कामावर झाला, कुठल्या यंत्रावर, कोणाच्या कामावर, हे केस पेपरवर लिहून घ्या; ‘घरी पडला’ असे लिहू देऊ नका. वडगाव निंबाळकरला पोलीस ठाणे आहे, तिथे नोंद करा. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. ईएसआयच्या कारखान्यात अपघाताचा अहवाल मालकाने पाठवला का ते विचारा. टोळीतल्या सोबत्यांचे जबाब हंगाम संपून ते गावी जाण्याआधी मिळवा, कारखान्याच्या चिठ्ठ्या आणि मोबाइलमधले फोटो जपून ठेवा. उपचारांची बिलेही ठेवा, कारण प्रत्यक्ष झालेला वैद्यकीय खर्च २०१०पासून मालकाकडे मागता येतो. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी बारामती न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. दाव्यासाठी जुन्या कायद्यात दोन वर्षांची मुदत होती. तेवढी वाट पाहू नका, पहिल्या महिन्यातच अर्ज करा.